ताईमहाराज प्रकरण : एका प्रोबेटाची हकीकत

ताईमहाराज प्रकरण हे नाव ह्या शहरात नवे नाही. लोकमान्यांच्या कोणत्याही चरित्रात ते असते, आणि बहुतेक वाचक ते भराभर चाळून पुढे मंडालेच्या तुरुंगाकडे वळतात. आम्हीही अनेक वर्षे तसेच करीत होतो. सरकारने टिळकांना छळण्यासाठी उभे केलेले एक खटले, त्यातून ते निर्दोष सुटले, एवढे आमच्या लक्षात होते. १९०८ सालच्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्या कामगारांचा वारसा सांगणाऱ्या आमच्यासारख्याला ह्यापलीकडे पाहण्याची गरज वाटली नाही, ह्यात नवल नाही.

पुढे संघटनेच्या कामात मयत कामगारांच्या बायकांबरोबर दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या वारंवार चढाव्या लागल्या. फंडाचे पैसे, बँकेतली ठेव, गावाकडची जमीन, खोलीची भाडेपावती, प्रत्येकासाठी निराळा कागद. कोणता कागद कुठे मागतात हे समजून घेता घेता आम्ही जुने कायदे वाचू लागलो, आणि एके दिवशी टिळकांचे हे प्रकरण पुन्हा हाती घेतले. तेव्हा प्रथमच ध्यानात आले की ह्या सगळ्या रामायणाच्या मुळाशी राजद्रोह नाही, चळवळ नाही, एक प्रोबेट आहे. पुण्याच्या जिल्हा कोर्टाने दिलेले, त्याच कोर्टाने काढून घेतलेले आणि हायकोर्टाने परत दिलेले प्रोबेट.

तेव्हा आज आम्ही त्या कागदाच्या बाजूने ही हकीकत सांगणार आहोत.

बाबामहाराज पंडित हे पुण्याचे एक सरदार. ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने त्यांचे निधन झाले. टिळक त्यांचे स्नेही. त्या वेळी टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला भरलेला होता आणि ते नुकतेच जामिनावर सुटून पुण्यास आले होते. मरणशय्येवरच्या मित्राने बोलावले म्हणून ते गेले. मरणाच्या दिवशीच मृत्युपत्र झाले. टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि आणखी काही मंडळी ह्यांना विश्वस्त नेमण्यात आले. इस्टेटीवर कर्ज होते. बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला तर प्रश्न नाही. झाला नाही, किंवा होऊन वाचला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने ताईमहाराजांनी दत्तक घ्यावा, असा मृत्युपत्राचा आशय होता.

पुढच्या महिन्यात, १४ सप्टेंबर १८९७ रोजी, टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ते तुरुंगात असताना १८९८ च्या जानेवारीत ताईमहाराजांना मुलगा झाला आणि दोनएक महिन्यांत तो गेला. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला टिळक सुटले, तेव्हा हे ओझे त्यांची वाट पाहत होतेच. मृत्युपत्राचे प्रोबेट घेऊन ते कारभार पाहू लागले.

इथे आपण थांबू. प्रोबेट म्हणजे काय?

शब्द लॅटिनमधून आलेला, अर्थ सिद्ध करणे. मृत्युपत्र लिहिणारा माणूस तर गेला. हा कागद त्याचाच, त्याने शुद्धीवर असताना केला, साक्षीदारांनी पाहिला, आणि हाच त्याचा शेवटचा कागद, एवढी गोष्ट कोर्टापुढे शाबीत करायची आणि कोर्टाने आपल्या शिक्क्यासह मृत्युपत्राची नक्कल व्यवस्थापकाच्या हाती द्यायची, ह्याचे नाव प्रोबेट. इंग्लंडात हे काम शेकडो वर्षे दिवाणी कोर्टांकडे नव्हतेच, ते पाद्र्यांच्या कोर्टांकडे होते. मेलेल्या माणसाच्या आत्म्याचा हिशेब ज्यांच्याकडे, त्याच्या जंगम मालाचा हिशेबही त्यांच्याकडेच! १८५७ च्या कायद्याने पार्लमेंटने ते काम चर्चकडून काढून घेतले. त्याच कायद्याने लहान मिळकतींचे तंटे, म्हणजे जंगम दोनशे पौंडांच्या आत आणि स्थावर तीनशे पौंडांच्या आत असेल तर, जवळच्या काउंटी कोर्टात नेण्याची सोय केली. गरिबाला लंडन गाठायला लावू नये, एवढे त्यांना उमगले होते.

आपल्याकडे हे पीक मुंबई बंदरात उतरले. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेयरची कोर्टे स्थापन झाली, आणि त्यांना प्रोबेट देण्याचा अधिकार मिळाला. पुढे सुप्रीम कोर्ट, मग १८६२ पासून हायकोर्ट, असा तो वारसा चालत आला. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने मुंबई आणि मद्रास ही शहरे आणि बंगालचा मुलूख एवढ्यापुरते हिंदूंच्या मृत्युपत्रांना इंग्रजी नियम लावले. मुंबई शहरात केलेले किंवा शहरातल्या स्थावराविषयीचे मृत्युपत्र असेल तर ते लेखी हवे, दोन साक्षीदार हवेत, आणि त्याच्या आधारे हक्क सांगायचा तर प्रोबेट हवे. घाट चढून वर आले की ह्यातले काही नाही! पुण्यातल्या हिंदूने तोंडी मृत्युपत्र केले तरी चालत असे. ही मोकळीक १ जानेवारी १९२७ पर्यंत टिकली. त्या तारखेपासून पुढच्या हिंदू मृत्युपत्रांना लेखाची आणि साक्षीदारांची अट देशभर आली. प्रोबेटाची सक्ती मात्र त्या जुन्या हद्दीतच राहिली. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या २१३ व्या कलमात ती बसली, पारशी १९६२ साली तिच्यात आले, भारतीय ख्रिस्ती २००२ साली तिच्यातून सुटले, आणि अखेर २०२५ च्या डिसेंबरात संसदेने ते कलमच काढून टाकले. गिरणगावातल्या खोलीसाठी ज्याला प्रोबेट लागे त्यालाच साताऱ्याच्या जमिनीसाठी ते लागत नसे, ही गंमत दीडशे वर्षे चालली. गंमत आम्ही म्हणतो. ज्यांनी दोन्हीकडे खेटे घातले ते असे म्हणणार नाहीत.

मग प्रश्न असा की पुण्यात सक्ती नसताना टिळकांनी प्रोबेट घेतले कशाला? मृत्युपत्र हातात होते, विश्वस्त एकमेकांच्या ओळखीचे होते. मुंबई इलाख्यात तर १८२७ चा आठवा रेग्युलेशन होता. एल्फिन्स्टनच्या काळातला हा कायदा आजही महाराष्ट्रात वापरात आहे. त्याखाली अर्ज केला की कोर्ट जाहीर नोटीस काढते, महिनाभरात कोणाची हरकत आली नाही तर वारस किंवा व्यवस्थापक म्हणून दाखला देते. त्या रेग्युलेशनात एक प्रामाणिक वाक्य आहे. ह्या दाखल्याने मिळकतीवर हक्क उत्पन्न होत नाही, सध्या कारभार कायदेशीर रीतीने कोणाकडे आहे एवढेच तो दाखवतो, असा त्याचा अर्थ.

टिळकांनी कारण लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही, पण तर्क करता येतो. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर. पुण्यात त्यांनी लॉ क्लास चालवलेला. १८८१ च्या प्रोबेट कायद्याने जिल्हा न्यायाधीशाकडून प्रोबेट मिळण्याची वाट हिंदूंना खुली केलेली होती. कर्जदार इस्टेटीचा कारभार म्हणजे रोज परक्या माणसाशी गाठ. सावकार विचारणार, तुम्ही कोण? कूळ विचारणार, खंड तुम्हाला दिला आणि उद्या दुसरा कोणी मागायला आला तर? सरकारी अधिकारी विचारणार, सही कोणाची? ह्या सगळ्यांना एकच कागद दाखवता यावा म्हणून कायदा जाणणारा माणूस प्रोबेट घेईल. परक्यांपासून संरक्षण म्हणून ते उत्तम चिलखत आहे. घरातल्या माणसापुढे ते चालत नाही, हा अनुभव पुढे आला.

तीन वर्षे खर्च आवरण्यात आणि कर्ज फेडण्यात गेली. काटकसर विश्वस्त करणार आणि ती सोसायची ताईमहाराजांनी. १९०१ च्या जूनमध्ये विश्वस्त त्यांना घेऊन निजामाच्या हद्दीत औरंगाबादेस गेले. पंडित घराण्याची एक शाखा तिकडे होती. २८ जून रोजी तिथे जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेण्यात आला, असे टिळकांचे म्हणणे. पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांनी ते दत्तक नाकारले. विश्वस्तांपैकी नागपूरकर त्यांच्या बाजूस गेले. जुलैअखेर त्यांनी जिल्हा न्यायाधीश अॅस्टन ह्यांच्याकडे अर्ज केला की प्रोबेट रद्द करावे; आणि ऑगस्टात कोल्हापूरच्या शाखेतील बाळामहाराजांना त्यांनी दत्तक घेतले.

त्या अर्जाचा रोख असा होता की मुलगा जन्मला त्या दिवशीच मृत्युपत्राचा जोर संपला, म्हणून प्रोबेट आता निरुपयोगी झाले आहे. हे शब्द कायद्यातलेच. १८८१ च्या कायद्याचे ५० वे कलम, आज १९२५ च्या कायद्याचे २६३ वे, प्रोबेट कोणत्या कारणांनी रद्द होते ते सांगते. कामकाजात मूलभूत दोष. लबाडीने किंवा काही दडवून मिळवलेले प्रोबेट. चुकीच्या विधानावर मिळालेले, मग ते अजाणता का असेना. परिस्थितीमुळे निरुपयोगी आणि निर्जीव झालेले. आणि व्यवस्थापकाने मिळकतीची यादी व हिशेब मुद्दाम सादर न करणे. ह्यातले शेवटचे कारण आमच्या माहितीतल्या किती मंडळींना ठाऊक आहे कोण जाणे. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत यादी आणि वर्षात हिशेब कोर्टाकडे द्यायचा असतो. कोर्टाचा शिक्का मिळाला की कपाटात ठेवून मोकळे होणारे आम्ही पुष्कळ पाहिले.

अॅस्टनसाहेबांनी ह्या लहानशा अर्जाचे काय केले पाहा. प्रश्न होता, कागद जिवंत की मेलेला. त्यांनी औरंगाबादेस काय घडले ह्याची चौकशी मांडली, टिळकांना साक्षीच्या पिंजऱ्यात दिवसेंदिवस उभे केले, १९०२ च्या एप्रिलमध्ये प्रोबेट रद्द केले आणि वर खोटी साक्ष आणि बनावट कागद असल्या आरोपांसाठी त्यांना मॅजिस्ट्रेटकडे पाठवले. कोर्टाने दिलेल्या अधिकाराने कारभार पाहणारा माणूस त्याच कोर्टातून आरोपी होऊन बाहेर आला.

प्रोबेटाचा निकाल हायकोर्टाने त्याच वर्षी फिरवला. तो निवाडा वकील मंडळी अजून काढून दाखवतात, आणि तो समजायला कठीण नाही. प्रोबेट देताना जी गोष्ट ठाऊक असती तर ते दिलेच नसते, अशी काही गोष्ट मागाहून उघडकीस आली, समजा नंतरचे दुसरे मृत्युपत्र सापडले, तर पहिले प्रोबेट निरुपयोगी ठरेल. मृत्युपत्राचा परिणाम काय, मिळकत कोणाची, दत्तक कोणता खरा, ह्या प्रश्नांनी प्रोबेट मरत नाही. ते प्रश्न रीतसर दाव्याचे. प्रोबेट कागदाविषयी बोलते, मालकीविषयी बोलत नाही.

पण तोवर गाडे फौजदारी रस्त्याला लागले होते. १९०३ च्या ऑगस्टात मॅजिस्ट्रेटने टिळकांना खोट्या साक्षीबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड सांगितला. १९०४ च्या जानेवारीत सेशन्स कोर्टाने शिक्षा सहा महिन्यांवर आणली, आणि टिळक येरवड्यास गेले. ३ मार्च १९०४ रोजी मुख्य न्यायाधीश जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी ह्यांनी त्यांना निर्दोष सोडले. ह्यात सरकारचा हात होता ह्याविषयी आमच्या मनात शंका नाही. एका प्रोबेटाच्या कामात एवढा उत्साह कोर्टे सहसा दाखवीत नाहीत.

आता ज्यांच्या नावाने हे प्रकरण ओळखले जाते त्यांच्याविषयी थोडे बोलू. ताईमहाराज १९०३ सालीच वारल्या. फौजदारी प्रकरणाचा अखेरचा निकाल लागला नव्हता, दिवाणी दावा तर पुरता उभाही राहिला नव्हता. चरित्रकारांनी त्यांना कधी भोळ्या, कधी हट्टी, कधी दुसऱ्यांच्या हातचे बाहुले म्हटले आहे. आम्ही टिळकांच्या सचोटीविषयी बोलत नाही, ती शेवटच्या कोर्टापर्यंत टिकली. पण विचार करून पाहा. नवरा एका दिवसात गेला. सात महिन्यांत मूल जन्मले आणि गेले. घरखर्च किती व्हावा हे विश्वस्त ठरवणार, मांडीवर कोणते मूल घ्यावे ह्यालाही त्यांची संमती. मृत्युपत्र त्यांच्याविषयी, पण त्यात त्यांचा शब्द कुठे नाही. नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला हिस्सा देणारा कायदा १९३७ साली आला, तोही मर्यादित मालकीचा; पुरती मालकी १९५६ साली. ताईमहाराजांच्या हाती जे एकच हत्यार होते ते त्यांनी उचलले. प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज. त्यांचे म्हणणे चूक ठरले म्हणून अर्ज का केला हे समजून घेऊ नये असे नाही.

आमच्या ओळखीतली एक बाई ह्या संदर्भात आठवते. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात नवरा कामाला होता. नोकरीस लागताना तो अविवाहित, फंडाच्या कागदावर त्याने भावाचे नाव लिहिले. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली, कागद तसाच राहिला. तो गेल्यावर भाऊही आला आणि बायकोही आली. वास्तविक १९५२ च्या फंडाच्या योजनेत नियम असा, की कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्याबरोबर रद्द होते. भावाला ते ठाऊक नव्हते, बाईला नव्हते आणि, खरे सांगायचे तर, पहिल्या दिवशी आम्हालाही नव्हते. फंडाचा प्रश्न त्या नियमाने सुटला. बँकेतल्या ठेवीसाठी मात्र कोर्टाचे वारसा प्रमाणपत्र मागितले गेले. कोर्टाच्या दारात ती आम्हाला म्हणाली, "भाऊ, आमचं आता कुणाशी भांडण नाही, मग कोर्ट कशाला?"

तिला आम्ही जे सांगितले तेच इथे सांगतो. हे प्रमाणपत्र तुझ्यासाठी नाही, बँकेसाठी आहे. ते पाहून बँकेने पैसे दिले की बँक मोकळी, मग दुसरा कोणी आला तर त्याने बँकेला विचारायचे नाही, तुला विचारायचे. १८८९ च्या कायद्याचा हेतूच तो होता, आणि १९२५ च्या कायद्यात तो तसाच उतरला. त्यात सासूचेही नाव घालावे लागले. मयत हिंदू पुरुषाची आई पहिल्या वर्गातली वारस असते, बायको-मुलांच्या बरोबरीची; बाप नसतो. बाईला ते ऐकून राग आला. सासू शेजारीच उभी होती, तिला आश्चर्य वाटले. आजवर कोणत्याच कागदावर तिचे नाव आलेले नव्हते.

नामनिर्देशन म्हणजे मालकी, हा समज सुशिक्षितांतही घट्ट आहे. विम्याच्या पैशांविषयी सर्वोच्च न्यायालयाने हा समज १९८३ सालीच खोडला. २०१५ च्या दुरुस्तीने नवरा, बायको, आईबाप आणि मुले ह्यांच्यापुरती विम्याची स्थिती बदलली. शेअरांच्या बाबतीत २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा तेच सांगावे लागले, की नाव ज्याचे तो पैसे स्वीकारणारा, वारस ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. २०१२ च्या जूनमध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सहा हजार नऊशेवर घरांची सोडत निघाली, तेव्हा अनेक कामगार हयात नव्हते. त्यांच्या वारसांचे हेलपाटे आम्ही पाहिले आहेत. घर लागले, पण घर लागलेला माणूस कोणाचा कोण, हे आधी शाबीत करायचे.

पुण्याच्या प्रकरणाकडे परत येऊ. दत्तकाचा दिवाणी दावा १९०६ साली खालच्या कोर्टात टिळकांच्या बाजूने लागला. १९१० साली हायकोर्टाने तो उलटवला, आणि नुसता उलटवला नाही, टिळक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी संगनमताने खोटे सांगितले असेही ठरवले. टिळक तेव्हा मंडालेस होते. सुटून आल्यावर, २६ मार्च १९१५ रोजी, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तक खरे ठरवले आणि प्रतिष्ठित माणसांवर असा ठपका ठेवण्याच्या रीतीबद्दल हायकोर्टाला शब्द सुनावले. म्हणजे कागद १८९७ चा, आणि त्यातल्या एका वाक्याची अंमलबजावणी योग्य झाली असे ठरायला अठरा वर्षे लागली.

आम्हाला कोणी विचारतात, तुम्ही मृत्युपत्र करा म्हणून सांगता, आणि गोष्ट मात्र अशी सांगता! करा असेच आम्ही सांगतो. मरणाच्या दिवशी करू नका. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या, कारण कागद शाबीत करायला निदान एका साक्षीदाराने तोंड उघडावे लागते, आणि वयाने मोठा साक्षीदार बहुधा आपल्याआधी जातो. आणि ज्या बाईच्या आयुष्याची व्यवस्था त्यात लावायची आहे तिला आधी विचारा.

प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने काम मिटले असे मात्र झाले नाही. घराण्याची मिळकत कोल्हापूर संस्थानातही होती, इंग्रज मुलखातला हुकूम तिथे आपोआप चालत नसे, आणि अर्जविनंत्या पुन्हा सुरू झाल्या. १९२० च्या जुलैत टिळक पुण्याहून मुंबईस गेले ते ह्याच प्रकरणाच्या कामासाठी. सरदारगृहात उतरले असता तापाने आजारी पडले, आणि १ ऑगस्टला तिथेच वारले. बाबामहाराजांच्या मृत्युपत्रावर शाई पडून त्या आठवड्यात तेवीस वर्षे पुरी होत होती.